गिळलेल्या कॅप्सूल: परभणीकडच्या एका आजींचं प्रकरण

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या पट्ट्यात आहे. आजूबाजूला सगळा कापूस, सोयाबीन आणि तूर, सोमवारी गावचा बाजार, त्यामुळे सोमवारची ओपीडी दीडशेच्या वर जाते. दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या अशाच एका सोमवारी या आजी आल्या. (ओळख पटू नये म्हणून वय आणि घरातली एकदोन माणसं बदलून लिहितेय, आजाराचं मात्र जसं घडलं तसंच आहे.) वय साठीचं, वजन ३८ किलो, बाकावर दोन्ही हात गुडघ्यावर टेकून पुढं वाकून बसलेल्या, आणि बोलताना चार शब्द झाले की थांबायच्या. "मॅडम, दोन पावलं चाललं की दम लागायलाय, रातच्याला तर उशीला टेकताच येईना. सुई द्या बरं, सुईनंच मोकळं होतंय मला."

हिस्ट्री घेतली ती अशी. १८ वर्षांपासून "दमा". लहानपणी काहीच नव्हतं, चाळिशीनंतर आधी हिवाळ्यात सकाळचा खोकला आणि बेडका, मग वर्षागणिक वाढत जाऊन आता बारा महिने. बिडी कधी ओढली नाही, मिश्री मात्र रोज, आणि ती तव्यावर घरीच भाजायची. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून चुलीपुढं, सरपण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. मधे एकदा फोटोत डाग दिसला म्हणून थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स झालेला, त्यानंही दम कमी झाला नाही. आणि सात-आठ वर्षांपासून दर पंधरा दिवसांनी गावात मोटरसायकलवर येणाऱ्या एकाकडून सुई, दीडशे रुपयाला. सुईत काय असतं ते त्यांना माहीत नव्हतं, पण चेहऱ्याची सूज, हाताची कागदासारखी पातळ झालेली कातडी आणि जागोजागचे निळे डाग बघून स्टेरॉइड असणार हे कळत होतं.

त्या दिवशी ऑक्सिजन ९१, दोन्ही बाजूला घरघर. नेब्युलायझर दिला, बरं वाटलं. मी सुई दिली नाही, फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइडच्या (श्वासनळी उघडणारं औषध आणि ओढायचं स्टेरॉइड एकत्र) कॅप्सूल आणि ते फिरवून ओढायचं मशीन लिहून दिलं, हातानं हवेतच दाखवलं की असं घालायचं, असं फिरवायचं, असं ओढायचं. बाहेर शंभर माणसं उभी होती. एक मिनिट पण लागलं नसेल. पंधरा दिवसांनी या म्हणाले आणि पुढचा पेशंट घेतला.

त्या आल्याच नाहीत. आल्या त्या दसऱ्यानंतर, सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत, रात्री साडेदहाला टमटममध्ये. दिवसभर खळ्याजवळ बसून भुस्कट नाकातोंडात गेलेलं, बेडका हिरवा-पिवळा, ओठ काळपट, ऑक्सिजन ८२. साल्बुटामॉल आणि इप्राट्रोपियमचा (दोन्ही श्वासनळी उघडणारी औषधं) नेब्युलायझर वीस-वीस मिनिटांनी तीनदा दिला, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) ४० मिलिग्रॅम सुरू केली ती पाच दिवसांसाठी, बेडक्याचा रंग बदललेला म्हणून अँटिबायोटिक. ऑक्सिजन नाकातल्या नळीनं २ लिटर. पोरगा सारखा म्हणायचा मॅडम वाढवा ना, शंभर होऊ द्या. त्याला तिथंच समजावलं कारण ही चूक फार होते: ज्या फुफ्फुसात वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साइड साठत आलाय तिथं भरमसाट ऑक्सिजन दिला तर तो वायू अजून साठतो आणि माणूस गुंगीत जातो, म्हणून अशा पेशंटला ८८ ते ९२ च्या मधेच ठेवायचं असतं. १०८ ची गाडी दारात उभी करून ठेवली होती, पण एक वाजेपर्यंत ८९ आला आणि आजी पूर्ण वाक्य बोलायला लागल्या. रेफर करायची वेळ आली नाही.

सकाळी राउंडला सुनेला विचारलं, मी दिलेलं औषध चालू होतं का? तिनं पिशवीतून स्ट्रिप काढली आणि अगदी विश्वासानं म्हणाली, "रोज सकाळ-संध्याकाळ पाण्यासंगं देऊलाव की मॅडम, एक बी चुकविली नाई." मशीन कुठाय? तर ते पेटीत, डब्यासकट, कारण "त्याचं काय करायचं ते कळालं नाई".

दोन महिने त्या कॅप्सूल गिळत होत्या. ओढायचं औषध पोटात गेलं की त्यातलं बरंचसं यकृतातच निकामी होतं, फुफ्फुसापर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणजे दोन महिने आजी औषधाविना होत्या आणि घरच्यांनी तर अगदी इमानदारीनं दिलेलं. यात त्यांची चूक शून्य. कॅप्सूल ही गिळायचीच असते असं आपणच सगळ्यांना शिकवलंय, आणि ही गिळायची नाही हे मी एकदाही तोंडानं म्हणाले नव्हते. तेव्हापासून आमच्याकडं नियम केलाय की पहिला डोस पेशंटनं आमच्यासमोर घ्यायचा, आणि पुढच्या प्रत्येक भेटीला "घेता का" असं विचारायचं नाही, "घेऊन दाखवा" म्हणायचं. यातला फरक ज्यानं करून बघितलाय त्याला पटेल. दहातले पाच-सहा तरी काहीतरी चुकवतात, आमच्याच दोन कर्मचाऱ्यांना पण बरोबर जमत नव्हतं.

आता मुख्य प्रश्न, हा दमा आहे का? मराठीत आपण धाप लागणाऱ्या सगळ्यांनाच दमा म्हणतो आणि तिथंच घोळ होतो. खरा दमा म्हणजे अस्थमा बहुतेक वेळा लवकर सुरू होतो, येतो-जातो, मधले दिवस माणूस ठणठणीत असतो, घरात कुणाला तरी असतो, शिंका-सर्दी सोबत असते. आजींचं तसं नव्हतं, हा दम आला आणि परत गेलाच नाही, दरवर्षी एक पायरी खाली. साधं पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात सुटतो ते मोजणारं) केंद्रात होतं, त्यात फुंकायला लावलं तर १३०, साल्बुटामॉलचे चार पफ देऊन पंधरा-वीस मिनिटांनी १५०. म्हणजे १५ टक्के वाढ, अस्थमा म्हणायला २० टक्क्यांच्या वर लागते. पीक फ्लोवरून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा आजार, ठरवता येत नाही, पण शंका पक्की व्हायला एवढं पुरलं. आधी एक्स-रे आणि थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची तपासणी) केली, कारण आपल्याकडं टीबी नाही हे बघितल्याशिवाय पुढं जायचंच नाही, ती निगेटिव्ह आली. मग सहा आठवडे तब्येत स्थिर होऊ दिली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी स्पिरोमेट्री, म्हणजे फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची तपासणी: औषध दिल्यानंतरसुद्धा एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) आणि एफव्हीसीचं (एका दमात बाहेर पडणारी एकूण हवा) गुणोत्तर ०.५२ (०.७ च्या खाली म्हणजे अडथळा कायमचा), एफईव्ही-वन अपेक्षेच्या ३८ टक्के, औषधानं वाढ फक्त ८० मिली. सीओपीडी, गंभीर पायरीचा.

बिडी न ओढणाऱ्या बाईला सीओपीडी कसा, हे मला अजून शहरातले डॉक्टर मित्र विचारतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये हाच विषय मांडला होता की जगात धूम्रपान करणारे साधारण १०० कोटी, पण सरपण-शेणाच्या धुरात राहणारे ३०० कोटी. मराठवाड्यात तर हे आकडे बघायचीही गरज नाही, संध्याकाळी कुठल्याही वस्तीवर उभं राहा, पऱ्हाट्याचा धूर घराघरातून निघताना दिसेल आणि त्या प्रत्येक धुराच्या बुडाशी एक बाई बसलेली असते.

औषधाचं असं ठरवलं. वर्षात तीनदा जोराचा अटॅक आलेला, आणि रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ३९० (३०० च्या वर असले की सीओपीडीतही ओढायच्या स्टेरॉइडचा फायदा होतो, नाहीतर उगाच न्यूमोनियाचा धोका वाढतो). म्हणून फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइड आणि सोबत टायोट्रोपियम, तेही श्वासनळी उघडी ठेवणारं. कॅप्सूलचं मशीन बंद, कारण त्यात जोरात आणि खोल ओढायला लागतं आणि ३८ किलोच्या या आजींच्या छातीत तेवढा जोर नव्हता. दाबायचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधे लावायचा पोकळ डबा. स्पेसर तेव्हा शिल्लक नव्हता तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून घट्ट बसवला. हे जुगाड नाही बरं का, दक्षिण आफ्रिकेत १९९९ मध्ये मुलांवर रीतसर ट्रायल झालीय आणि बाटलीचा स्पेसर विकतच्या इतकाच चालला होता. पंप हलवायचा, एका वेळी एकच पफ, बाटलीतून चार-पाच सावकाश श्वास, अर्ध्या मिनिटानं दुसरा, शेवटी चूळ भरून थुंकायची. बाटली साबणाच्या पाण्यातून काढून तशीच निथळू द्यायची, कापडानं पुसायची नाही, नाहीतर औषध आतच चिकटतं.

घरात आधीपासून एक निळा पंप (साल्बुटामॉलचा, तात्पुरता आराम देणारा) पण होता, कुठून तरी आणलेला. तो हलवून बघितला तर आवाज येतो, दाबला तर फवारा येतो, म्हणून "भरलेला हाय" अशी समजूत. पण २०० पफ संपल्यावरही नुसता गॅस फवारत राहतो, आत औषध नसतं. ज्यावर आकडा नाही तो पंप मोजायचा कसा हे सुनेनंच शोधलं, नातू भिंतीवरच्या कॅलेंडरवर पफ घेतला की रेघ मारतो.

"पंपाची सवय लागते" हे त्यांनी बोलून दाखवलंच, कोण बोलत नाही? मी म्हणाले, आजी सवय तर सुईची लागलीय. आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं हे मला तीन आठवड्यांनी कळलं. प्रेडनिसोलोनचे पाच दिवस संपले, सुया बंद, आणि आजी पार गळून गेल्या. उठलं की चक्कर, मळमळ, अंगदुखी, बीपी ९६/६०. मी आधी अशक्तपणा समजून ओआरएस देत बसले, दोन दिवस त्यात गेले. मग एका फिजिशियन सरांना फोन केला तर ते म्हणाले, अगं आठ वर्षं बाहेरून स्टेरॉइड जातंय, तिच्या शरीरानं स्वतःचं बनवायचं सोडलंय, तू एकदम नळ बंद केलास. प्रेडनिसोलोन कमी मात्रेत परत सुरू केली, रोज सकाळी, ७.५ मिलिग्रॅमवरून हळूहळू पाच महिन्यांत उतरवली, मधे सकाळचं कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) तपासून. तेव्हाच साखर निघाली, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. सुई बंद करा असं कळकळीनं सांगणाऱ्या प्रत्येकानं (त्यात मी आलेच) हे आधी विचारलं पाहिजे की किती वर्षांपासून आणि किती दिवसांआड.

मग घर बघायला गेले, आशाताईसोबत. आशाताई ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म (आजारांच्या धोक्याची प्रश्नावली) भरतात, त्यात स्वयंपाकाला कुठलं इंधन हा रकाना आहेच, आजींच्या फॉर्मवर तो तीन वर्षांपूर्वीच भरलेला होता, "लाकूड, पिकांचे अवशेष", आणि "धाप लागते" वर पण खूण होती. कागद फाइलला लागला आणि तिथंच राहिला. हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण फाइल माझ्याच कपाटात होती.

घरात उज्ज्वलाचा सिलिंडर होता, कोपऱ्यात, वर भरतकामाचा रुमाल घातलेला. पाहुण्यांच्या चहापुरता. याला आळस किंवा अडाणीपणा म्हणू नका कृपा करून. सात माणसांचं घर, ज्वारीच्या वीस-बावीस भाकरी एका वेळेला, आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण, हे सगळं गॅसवर करायचं तर सिलिंडर पंधरा दिवस पुरत नाही, आणि पऱ्हाट्या तर शेतातून फुकट येतात. त्यामुळं "चूल बंद करा" हा सल्ला मी दिलाच नाही. पाणी तापवायची चूल मागच्या उघड्या अंगणात नेली, तीच सगळ्यात जास्त वेळ जळत होती. भाकरी चुलीवरच राहू दिल्या पण सपराच्या वरच्या अंगाची दोन पत्रे पोरानं उचकटून धूर जायला वाट केली, आणि चहा-भाजी-डाळ गॅसवर. मिश्री भाजणं बंद, मिश्री मात्र अजून सुटली नाही, चालूच आहे आमचं बोलणं. आणि भाकरी थापताना आजींनी चुलीपुढं बसायचं नाही, हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं, कारण त्यांना वाटलं मी त्यांना घरातून बाजूला करतेय. निवडणं-टिपणं बाहेर ओट्यावर बसून करायचं ठरलं तेव्हा कुठं पटलं.

श्वासाचा व्यायाम शिकवताना एक गोष्ट आपोआप जमून आली. ओठ चंबूसारखे करून हळू श्वास सोडायचा असतो, नाकानं दोन मोजून आत, तोंडानं चार मोजून बाहेर, म्हणजे बारीक नळ्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघते. पुस्तकातलं मेणबत्तीचं उदाहरण दिलं, काही कळेना. मग म्हणाले, आजी, फुंकणीत फुंकता तसं, पण विस्तव पेटवायचा नाही, नुसता निखारा हलला पाहिजे. एका दमात जमलं. आता धाप लागली की त्या घाबरून तोंड उघडून श्वास ओढत नाहीत, पुढं वाकून बसतात आणि फुंकणी सुरू करतात.

इतर उपायांचंही सांगते. कोजागरीला खिरीतलं औषध आणि मृगाला हैदराबादला जाऊन माशातून घ्यायचं औषध, दोन्ही त्यांचं झालेलं, परभणीवरून रेल्वेनं चार वर्षं गेल्या होत्या. आमच्या भागातून पिढ्यानपिढ्या लोक जातात, निजामाच्या काळापासून हैदराबाद हीच आपली मोठी जागा. मी जाऊ नका म्हणाले नाही, त्यानं आजार बरा होतो असा पुरावा नाही एवढं सांगितलं, आणि एकच अट घातली की पथ्याच्या नावाखाली पंप थांबवायचा नाही आणि गर्दीत निळा पंप पिशवीत पाहिजे. त्या वर्षी त्या गेल्याच नाहीत, "आता दम धरवत नाई परवासाला" म्हणाल्या.

आणि याच घरात, आशाताईंच्या बोलण्यातून, खरा अस्थमा सापडला. नातू, वय ९, तोच रेघा मारणारा. रात्री दोन-तीनला खोकल्याची उबळ, कापूस वेचायच्या दिवसांत जास्त, मधे महिनाभर काहीच नाही, शाळेत पळापळीत सगळ्यांच्या पुढं. रात्री उबळ आली की आजी स्वतःचा निळा पंप त्याला द्यायच्या. प्रेमानंच द्यायच्या, आणि त्याला बरं वाटायचं म्हणून कुणी डॉक्टरकडं नेलं नाही. त्याचा पीक फ्लो १५०, पफनंतर २१०, तब्बल ४० टक्के वाढ. एकाच चुलीच्या धुरात वाढलेले दोन आजार, दिसायला सारखे पण औषधाचा पाया उलटा. आजींच्या आजारात स्टेरॉइडचा पंप हिशोब बघून जोडायचा, नातवाच्या आजारात तोच मुख्य. नुसता निळा पंप श्वासनळी तात्पुरती उघडतो पण आतली सूज तशीच राहते, आणि तेवढ्यावरच राहिलेल्या अस्थमाच्या पेशंटला अचानक जीवघेणा अटॅक येऊ शकतो, म्हणून तर गिना या अस्थमाच्या जागतिक संस्थेनं २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असं स्पष्ट सांगितलंय. नातवाला कमी मात्रेतला ब्युडेसोनाइड रोज दोनदा, स्वतःची वेगळी बाटली, त्यावर लाल दोरा बांधलेला. तीन महिन्यांत रात्रीचा खोकला थांबला.

आजी आता कशा आहेत? एफईव्ही-वन ३८ चा ४० झाला, म्हणजे जवळजवळ तोच, गेलेलं फुफ्फुस परत येत नाही आणि मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलंय. पण पुढच्या पूर्ण वर्षात जोराचा अटॅक एकच, सुई एकही नाही, वजन ४१. फ्लूची लस पोरानं पैसे जमवून दिली. आधी ओट्यावरून न्हाणीपर्यंत जाताना दोनदा बसायच्या, आता मारुतीच्या देवळापर्यंत एकदा थांबून जातात. शेतात जाणं सुटलं ते सुटलंच. ऑक्सिजन बसल्या जागी ९२-९३.

पुढच्या सोमवारी त्यांची तारीख आहे, दोन पंप आणि मोतीबिंदूच्या शिबिराची चिठ्ठी द्यायचीय. सोबत सून येईल, नेहमी तीच येते, बाटली धुणं, तारखा, पिशवी सगळं तिच्याकडं. गेल्या वेळी बोलता बोलता ती दोनदा तोंडावर पदर धरून खोकली, वय ३४, चुलीपुढं पंधरा वर्षं, आणि या दोन वर्षांत मी तिला एकदाही मीटरमध्ये फुंकायला लावलेलं नाही. मीटर टेबलावर काढून ठेवलंय.